राखीव गडी

माप ओलांडून मी या घरात आले त्या दिवसापासून एक वाक्य मला चिकटलंय. "तू आहेसच की!" दवाखान्यात रात्री कोण राहणार? तू आहेसच की. मंडळाच्या हळदीकुंकवाचा हिशोब कोण लिहिणार? तू आहेसच की. गौरींच्या सवाष्णीला ऐनवेळी कुणी आलं नाही, तर तिच्या पाटावर कोण बसणार? मैत्रिणींनो, तुमच्याकडेही हे वाक्य असेलच. शब्द थोडे इकडचे तिकडे, एवढंच.

तर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेहून फोन आला. बोस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या नणंदबाई बर्फावरून घसरल्या, पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत पट्टी घालावी लागली. भाचा कॉलेजात, घरापासून चार तासांवर. नंदावा कामावर. मी भाजी निवडत होते. यांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बोलू नका. कळलं."

माझा व्हिसा तयार होता. २०१९ मध्ये सासूबाईंना तिकडे नेऊन आणायचं ठरलं, तेव्हा सोबतीला म्हणून माझाही काढला होता. मग करोना आला, पुढे सासूबाईच गेल्या आणि व्हिसा कपाटात पडून राहिला. खरं सांगते, मला जायचं नव्हतं. आमच्या बचत गटाचं मसाल्याचं काम वाढवायला बँकेकडे कर्ज मागितलं होतं. वर्षभर कागद जमवले होते आणि मार्चमध्ये बैठक होती. ती बैठक मीच करणार, असं माझ्या मनात अगदी पक्कं होतं. पण दोन बॅगा भरल्या, त्यात मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू कोंबले आणि धुसफुसत विमानात बसले.

तिथे गेल्यावर पहिले पंधरा दिवस स्वयंपाक, ताईंचं अंघोळपांघोळ, औषधं आणि खिडकीतून दिसणारं बर्फ, एवढंच. आम्हा दोघींचं नातं तोवर तसं बेताचंच होतं. दर दोन-तीन वर्षांनी पंधरा दिवस यायच्या, साडी द्यायच्या, जायच्या. मी त्यांना "ताई, तुम्ही" म्हणते, त्या मला "वहिनी, तू". भांडण कधी नाही आणि जवळीकही नाही.

एका शनिवारी भाचा घरी आला होता. जेवणं झाल्यावर त्याने टीव्हीवर एक जुना सामना लावला. बेसबॉलचा! मी उठून भांडी घासायला निघाले, तर ताई म्हणाल्या, "बस गं वहिनी. हा सामना माझ्या बाळंतपणातला आहे."

आता बाळंतपणात लोकांचे डिंकाचे लाडू असतात, शेक-शेगडी असते. सामना? मी बसले.

खेळाशी माझा संबंध शाळेपुरताच. खो-खोच्या संघात मी होते. बारा जणींचा संघ, नऊ मैदानात, तिघी बाहेर. त्या तिघींत मी. तालुक्यापर्यंत गेलो, मी डबे आणि चपला राखल्या. "राखीव गडी" म्हणतात ते अगदी शब्दशः! पण या खो-खोमुळेच भाच्याने समजावलेलं मला पटकन कळलं, म्हणून तुम्हालाही तसंच सांगते.

बेसबॉलमध्येही नऊ गडी. मैदानाच्या मधोमध एक चौकोन, तिरका ठेवलेला, आपल्या शंकरपाळीसारखा. शंकरपाळीच्या चार टोकांना चार बेस. एका बेसपासून दुसरा नव्वद फूट. बॅटवाला एका टोकाला उभा राहतो, साधारण साठ फुटांवरून गोलंदाज चेंडू फेकतो आणि बॅटवाल्याच्या मागे झेलकरी बसलेला असतो. चेंडू मारून एकेक बेस गाठत, चारी टोकं फिरून घरी आलं की एक धाव. आल्या पावली घरी परत यायचं, बस्स. तीन गडी बाद झाले की डाव संपला. असे दोघांचे नऊ-नऊ डाव. बरोबरी झाली तर कुणीतरी पुढे जाईपर्यंत खेळ चालूच, मग पहाट का होईना.

आणि एक गंमत यात आहे, ती मला फार आवडली. चोरी! तुम्ही पहिल्या बेसवर उभे आहात. गोलंदाजाने बॅटवाल्याकडे चेंडू टाकला की त्या क्षणी तुम्ही दुसऱ्या बेसकडे धूम ठोकायची. झेलकरी चेंडू पकडून दुसऱ्या बेसवर फेकणार, तिथला गडी तो पकडून तुम्हाला शिवणार. त्याआधी तुमचा हात बेसला लागला तर बेस तुमचा. याला तिकडे सरळसरळ चोरीच म्हणतात. दिवसाढवळ्या, हजारो लोकांच्या देखत केलेली.

तो सामना होता १७ ऑक्टोबर २००४ चा, रविवार रात्रीचा. बोस्टनचा संघ रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचा यांकीज. दोन्ही गावांचं वैर जुनं. १९१९ च्या शेवटी बोस्टनने आपला बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्कला विकला आणि तो पुढे केवढा मोठा झाला! तेव्हापासून बोस्टनला म्हणे त्याचा शाप लागला. १९१८ नंतर विजेतेपद म्हणून नाही. न्यूयॉर्कने मात्र तेवढ्या काळात तब्बल सव्वीस मिळवली. सुशिक्षित, संगणक-विद्यापीठांचं गाव ते, पण शाप मानायचं. आपण उगाच आपल्याच म्हाताऱ्यांना नावं ठेवतो.

त्या वर्षी दोघांची सात सामन्यांची मालिका होती. जिंकणारा पुढे अंतिम फेरीत. पहिले तिन्ही सामने बोस्टन हरलं. तिसरा तर १९-८ असा, घरच्या मैदानावर! तीन सामने हरून मालिका जिंकल्याचं त्या स्पर्धांच्या इतिहासात तोवर एकदाही झालं नव्हतं. चौथा सामना म्हणजे नुसती उत्तरक्रिया, असं गावातल्या लोकांनी धरलेलं.

आता ताईंचं ऐका. त्या एका खोलीच्या घरात होत्या. बाळ तेवीस दिवसांचं. सासूबाई जाणार होत्या, तिकीट काढलेलं. तेवढ्यात मामंजींना अर्धांगाचा झटका आला आणि जाणं राहिलं. नंदाव्यांचं काम दुसऱ्या शहरात, रविवारी संध्याकाळी विमानाने जायचे ते शुक्रवारी रात्री यायचे. आठवडाभर ताई आणि ते बाळ. दिवस-रात्र रडणारं. ताईही रडायच्या. "जेवायचेच नाही गं. भात लावायचे आणि तसाच फ्रीजमध्ये ठेवायचे. बाळाला घ्यायचं नको वाटायचं. असं वाटणारी मी एकटीच बाई जगात आहे, असं वाटायचं." इकडे तेव्हा नवरात्र चालू होतं. फोनवर आम्ही सगळ्या त्यांना विचारायचो, "बाळ कसंय?" ताई कशा आहेत, हे कुणी विचारलं होतं का? मी तर नव्हतं विचारलं. मी नवीन सून, फोन हातात यायचा तो शेवटच्या अर्ध्या मिनिटाला.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची, ऐंशीच्या घरातली. बाळ रडायला लागलं की ती खालून कुंच्याच्या दांड्याने छत ठोकायची. ठक, ठक! ताईंना तिची भयंकर धास्ती. त्या रात्री बाळाला पदराखाली घेऊन त्यांनी टीव्ही लावला तो आवाज बंद करून. जे चॅनल लागलं ते. बेसबॉलचं काही कळत नव्हतं, पण माणसं हलताना दिसत होती, तेवढीच सोबत.

मध्येच खालून ठक! ताईंनी बाळाकडे पाहिलं, तर ते झोपलेलं. टीव्हीवर बोस्टनचे लोक नाचत होते. थोड्या वेळाने पुन्हा ठक, पुन्हा नाच. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, म्हातारी तोच सामना बघतेय! मग काय, ताईंना समालोचकच मिळाला. ठक वाजलं की चांगलं झालं. शांतता असली की वाईट.

आणि नवव्या डावात फार वेळ शांतता होती.

भाच्याने तिथूनच मला नीट बघायला लावलं. न्यूयॉर्क ४, बोस्टन ३. बोस्टनचा शेवटचा डाव. गोलंदाजीला मारियानो रिव्हेरा. पनामा देशातल्या कोळ्यांच्या गावातला, मासेमाराचा मुलगा. एकाच तऱ्हेचा, शेवटच्या क्षणी वळणारा चेंडू टाकायचा आणि तो येणार हे माहीत असूनही कुणाला मारता यायचा नाही. शेवटच्या डावात सामना राखायला याला आणला की लोक घरी जायला उठायचे, इतका भरवसा. याच मालिकेच्या सुरुवातीला पत्नीच्या नात्यातल्या दोघांचे अंत्यविधी पनामात उरकून, विमानातून उतरून तो थेट मैदानावर आला होता. आपल्या बाजूचा नसला तरी हेही सांगायला हवं.

समोर केव्हिन मिलार. सामन्याच्या आधी हाच मिलार भेटेल त्याला सांगत होता, की आज आम्हाला जिंकू देऊ नका बरं का, पुढचे दोन सामने आमचे भारी गोलंदाज टाकणार आहेत! तीन सामने हरलेल्या माणसाच्या तोंडची ही भाषा. रिव्हेराने त्याला चार चेंडू बाहेर टाकले. चार चेंडू बाहेर पडले की बॅटवाल्याला पहिला बेस फुकट. मिलार चालत गेला.

मिलार काही पळण्यातला नव्हे. मग प्रशिक्षक टेरी फ्रँकोनाने बाकावरच्या एका माणसाकडे बघून डोळा मारला. बोलणंबिलणं काही नाही, नुसता डोळा. तो माणूस उठला आणि मिलारच्या जागी पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. डेव्ह रॉबर्ट्स.

हा रॉबर्ट्स जपानमधल्या ओकिनावाचा जन्म. आई जपानी, वडील अमेरिकेच्या मरीन दलातले. तीनच महिन्यांपूर्वी, ३१ जुलैला, दुसऱ्या संघाने त्याला बोस्टनला देऊन टाकलं होतं. बोस्टनला तो हवा होता तो फक्त पायांसाठी. त्या मालिकेत तोवर तो एकदाही मैदानात उतरला नव्हता. ऑक्टोबरची थंडी, रात्रीचे बारा वाजून गेलेले, अंग आखडलेलं. पण चार तास तो नुसता बसला नव्हता. रिव्हेरा चेंडू टाकण्याआधी काय करतो, किती वेळ धरून ठेवतो, याच्या चित्रफिती त्याने पाहून ठेवल्या होत्या. महिनाभर आधी न्यूयॉर्कमध्ये याच रिव्हेरासमोर नवव्या डावात त्याने एक बेस चोरलाही होता. आपलं नाव पुकारलं जाणार की नाही याचा पत्ता नसताना केलेला हा सगळा अभ्यास!

आणखी एक गोष्ट त्याने नंतर अनेकदा सांगितलीय. मॉरी विल्स म्हणून जुन्या काळचा बेस चोरणारा उस्ताद होता, १९६२ मध्ये त्याने एका मोसमात १०४ बेस चोरले होते. त्याने रॉबर्ट्सला शिकवलेलं. तो म्हणायचा, एक दिवस असा येईल की तू पळणार हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत असेल. त्या दिवशी पळायला घाबरू नकोस. पहिल्या बेसवर उभं राहिल्यावर रॉबर्ट्सला वाटलं, तो दिवस म्हणतात तो हाच.

खरंच सगळ्यांना माहीत होतं. रिव्हेराने बॅटवाल्याकडे चेंडू टाकायच्या आधी पहिल्या बेसवरच फेकला. रॉबर्ट्स पालथा पडून परत. दुसऱ्यांदा फेकला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा. या वेळी अगदी थोडक्यात वाचला. मी तर सोफ्याच्या कडेला येऊन बसले होते. भाचा हसून म्हणाला, "मामी, वीस वर्षांपूर्वीचा सामना आहे, तो आउट होणार नाहीये." अरे पण जीव थाऱ्यावर राहतो का? रॉबर्ट्सचं म्हणणं असं, की त्या तीन फेकींनीच त्याचं काम सोपं केलं. आखडलेले पाय मोकळे झाले, भीती गेली, सकाळपासून खेळत असल्यासारखं वाटायला लागलं. त्याला अडवायला गेले आणि त्याला गरम करून बसले!

मग रिव्हेराने चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. झेलकरी पोसाडाने उठता उठता फेक केली, चांगली फेक. दुसऱ्या बेसवर डेरेक जीटरने चेंडू घेऊन हात खाली आणला. रॉबर्ट्स छातीवर घसरत आला. त्याचा हात बेसवर, वर जीटरचा हात. पंचाने दोन्ही हात पसरले. पोहोचला. चेंडू आणि त्याच्यात डोळ्याचं पातं लवेल एवढंच अंतर असेल. भाच्याने ते संथ करून तीनदा दाखवलं.

बॅटला बिल मिलर होता. (मिलार आणि मिलर, माझाही गोंधळ झाला होता.) त्याने रिव्हेराच्या अंगावरूनच चेंडू मधोमध मारला, रिव्हेरा अडवायला गेला आणि जमिनीवर आला. दुसऱ्या बेसवरून रॉबर्ट्स जो निघाला तो तिसरा ओलांडून थेट घरी. ४-४.

"आणि खालून?" मी विचारलं.

"ठक ठक ठक ठक ठक!" ताईंनी काठी जमिनीवर आपटून दाखवली. "बाळ उठलं, रडायला लागलं, तरी तिचं चालूच. आणि मी हसत होते गं. काय झालंय ते कळलं नव्हतं, पण हसत होते."

सामना तिथे संपला नाही. त्याच डावात तिन्ही बेस भरलेले असताना डेव्हिड ऑर्टिझ नावाचा बोस्टनचा पहिलवान बॅटला आला. एक फटका आणि खेळ खल्लास. पण त्याने चेंडू उंच उडवला आणि झेल गेला. मग दहावा डाव, अकरावा. न्यूयॉर्कचेही तिन्ही बेस भरले. तेव्हा बोस्टनने कर्टिस लेस्कॅनिक नावाचा खांदा दुखावलेला गोलंदाज आणला आणि त्याने तो डाव निभावला. त्याच्या मोठ्या स्पर्धांमधल्या खेळाचा तो शेवटचा सामना ठरला, आणि विजयाची नोंद त्याच्या नावावर आहे. बाराव्या डावात ऑर्टिझ पुन्हा आला. या वेळी चेंडू प्रेक्षकांत. ६-४. बोस्टनच्या घड्याळात रात्रीचे एक वाजून बावीस मिनिटं. पाच तास दोन मिनिटं चालला होता सामना.

मी मनातल्या मनात हिशोब केला. आपल्याकडे तेव्हा सोमवारचे पावणेअकरा होऊन गेले असतील. बार्शीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी मामंजींसाठी मऊ भात कालवत असेन.

"त्या रात्री दीड वाजता मी फ्रीजमधला थंडगार वरणभात काढला," ताई म्हणाल्या, "आणि उभ्याउभ्याच सगळा खाल्ला. पातेलं पुसून."

एवढ्याने सगळं ठीक झालं असं नाही हं. पुढेही त्यांना बरेच महिने जड गेले. आता त्याला नाव आहे, डॉक्टर विचारतात, औषध असतं. आमच्या गटातल्या बाळंतिणींच्या घरी गेले की मीही आता आधी आईला विचारते, मग बाळाला बघते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हातारी जिना चढून वर आली. जन्मात आपण या संघाला जिंकताना पाहिलं नाही, म्हणाली, आणि रात्री बाळाला उठवलं म्हणून माफी मागितली. मग रोज यायला लागली. बाळ मांडीवर घेऊन सामना बघायची. ताई तेवढा वेळ झोपायच्या.

बोस्टनने पाचवा सामना चौदा डाव खेळून जिंकला. त्यातही आठव्या डावात रॉबर्ट्सला मिलारच्याच जागी पळायला पाठवलं आणि बरोबरीची धाव त्याचीच. सहावा जिंकला, सातवा जिंकला. अंतिम फेरीत सेंट लुईसला चारही सामने हरवले. ८६ वर्षांनी विजेतेपद! ती रात्र २७ ऑक्टोबरची, आपल्याकडची कोजागरी, आणि वर खग्रास चंद्रग्रहण. म्हातारीने ताईंना हाताला धरून बाहेर नेलं आणि तांबडा चंद्र दाखवला. "बाळंतिणीने ग्रहण बघितलं हे मी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही," ताई म्हणाल्या. सासूबाई गेल्या म्हणून मीही आता लिहायचं धाडस करतेय.

त्या अंतिम फेरीत डेव्ह रॉबर्ट्स किती खेळला असेल? एकही सामना नाही. संपूर्ण मालिकेत त्याने बॅट हातात घेऊन एकही चेंडू खेळला नाही. डिसेंबरात बोस्टनने त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवूनही दिलं. मी हे ऐकलं आणि मला राग आला. भाचा म्हणाला, "मामी, पण बोस्टनमध्ये कुठेही जाऊन ‘ती चोरी’ म्हण. कुणाची, कधीची, कुणी विचारत नाही." हे खरं होतं. नंतर मी फिजिओथेरपीच्या मुलीला, भाजीवाल्या दुकानदाराला, दोघांनाही विचारून पाहिलं.

त्या रात्री भाचा झोपल्यावर ताईंच्या पायाला तेल लावत होते. त्या एकदम म्हणाल्या, "तेव्हा मी आईला म्हटलं होतं, तुला यायला जमत नसेल तर नव्या वहिनीला पाठव. तू नको म्हणालीस ना?"

माझा हात थांबला. मला कुणी विचारलंच नव्हतं.

वीस वर्षं त्यांना वाटत होतं की मी नाही म्हटलं. आणि मला वाटत होतं की या बाईला आपल्याशी बोलायला आवडत नाही. सासूबाईंना दोष देऊन काय करू? मामंजी अंथरुणाला खिळलेले, मी गेले असते तर तिथे कोण होतं? मी होतेच की. त्यांनी माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं असणार, तसं ते प्रत्येक घरात दिलं जातं. ताई काही बोलल्या नाहीत. मीही नाही. तेल लावून झालं, पण मी तशीच बसून राहिले.

मार्चमध्ये आमची बँकेची बैठक झाली. माझ्या जागी गटातली अशी बाई गेली, जिचा आवाज मी सहा वर्षांत हजेरीपुरता ऐकला होता. कर्ज मंजूर करून आली. व्हिडीओ कॉलवर सगळ्या जणी पेढे दाखवत होत्या. आनंद झाला. आणि आता लपवून काय करू, थोडं टोचलंही. माझ्यावाचून झालं म्हणून. तिला विचारलं, इतकी तयारी कधी केलीस? तर म्हणाली, "काकू, तुम्ही कागद लावायच्या तेव्हा मी बघत बसायचे की."

परत यायच्या आधी, जूनमध्ये, ताई काठी घेऊन चालायला लागल्या तेव्हा आम्ही ते मैदान बघून आलो. फेनवे पार्क, १९१२ सालचं. डावीकडे सदतीस फूट उंच हिरवी भिंत, आणि धावफलकाचे आकडे अजून माणसं हाताने बदलतात. मला सामन्यापेक्षा पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधलं अंतर बघायचं होतं. आमच्या घराच्या दारापासून कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत असेल, एवढंसं. तिथेच, २००५ च्या एप्रिलमध्ये, बोस्टनच्या लोकांनी रिव्हेराचं नाव पुकारल्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, तुझ्यामुळे जिंकलो म्हणून! आणि तोही हसून टोपी काढून वाकला होता. असा हसत वाकणारा मला फार आवडला. पुढे २०१९ मध्ये त्याला त्यांच्या सर्वांत मोठ्या सन्मानासाठी निवडलं, तेव्हा एकही मत विरुद्ध पडलं नाही. असं आधी कुणाच्याच बाबतीत झालं नव्हतं.

रॉबर्ट्सचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. २०१० मध्ये त्याला कॅन्सर झाला, त्यातून तो उठला. २०१६ पासून तो लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा व्यवस्थापक आहे. म्हणजे आता कुणाला डोळा मारायचा, ते तो ठरवतो.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. कार्तिकी एकादशी. मी साबुदाण्याची खिचडी परतत होते, दहाच्या सुमाराला ताईंचा व्हिडीओ कॉल. तिकडे मध्यरात्र. "वहिनी, तुझा रॉबर्ट्स जिंकला!" टोरोंटोमध्ये अंतिम फेरीचा सातवा सामना, नववा डाव, डॉजर्स एका धावेने मागे, दोन गडी बाद व्हायचे राहिलेले. आणि मिगेल रोहास नावाच्या छत्तीस वर्षांच्या गड्याने चेंडू प्रेक्षकांत मारून बरोबरी केली. हा रोहास त्या फेरीत आधी बहुतेक बाकावरच बसलेला, रॉबर्ट्सने शेवटच्या दोन सामन्यांत त्याला आत घेतला होता. अकराव्या डावात ५-४ ने जिंकले. खिचडी थोडी खाली लागली.

त्याच दिवशी आपल्या मुलींचा विश्वचषकाचा अंतिम सामना होता, नवी मुंबईत. गटातल्या सगळ्या जणी आमच्याकडे जमल्या. पाऊस पडला, खेळ उशिरा सुरू झाला, तरी कुणी घरी गेलं नाही. सलामीला शफाली वर्मा आली. मी सगळ्यांना सांगत होते, अगं ही मूळ संघात नव्हतीच! प्रतिका रावल जखमी झाली म्हणून उपांत्य सामन्याच्या आधी हिला बोलावलं. तिने ८७ धावा काढल्या. वर गोलंदाजी करून दोन गडी घेतले. सामन्याची मानकरी तीच.

मध्यरात्रीच्या सुमाराला आपण जिंकलो. बायकांचा ओरडा एवढा की शेजारचे जागे झाले. मी ताईंना फोन लावला. तिकडे दुपार होती. त्याही बघत होत्या. आवाजात काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि काठी घेतली.

ठक ठक ठक ठक.